कठडा बुटका झाला होता

ट्रेलर पुलापासून हाकेच्या अंतरावर उभा होता. त्यावर चाकणच्या एका कंपनीची अवाढव्य प्रेस मशीन. आणि 'पूल हे वजन पेलेल' या रिपोर्टवर सही माझी. जुन्या पुलांची तब्येत तपासणं हा माझा धंदा, ऑफिस चिंचवडला.

काम असं चालतं. लेझर स्कॅनरने पुलाची मापं घ्यायची, कॉम्प्युटरवर तस्साच पूल उभा करायचा आणि त्यावरून खोटा ट्रेलर चालवून बघायचा. यालाच आम्ही मॉडेल म्हणतो. आमचं मॉडेल पास झालं होतं.

शेजारच्या शेतातले तात्या मजा बघायला कठड्यावर बसले होते. म्हणाले, "बाई, पयलं ह्याच्यावर चढून बसाय लागायचं. पाय लोंबायचं. आता बगा, टेकत्यात."

"लहान असाल तेव्हा, तात्या."

"न्हाई वं! लगीन झाल्यावरचं सांगतोय."

मी हसले, मग त्यांच्या टेकलेल्या पायांकडे बघितलं. टेप काढली. पुलाच्या मूळ ड्रॉइंगमध्ये कठडा तीन फूट, टेपवर पावणेदोन! कठडा जागच्या जागी होता, रस्ताच वर आला होता. दर वेळी जुनं डांबर न खरवडता वरून नवा थर.

पण खरी चूक दुसरीच होती. स्कॅनने हे आधीच दाखवलं होतं. रस्ता ड्रॉइंगपेक्षा सव्वा फूट वर दिसत होता. मी ठरवलं, स्कॅनर चुकला, आणि माझ्या हाताने ती पातळी खाली ओढून ड्रॉइंगशी जुळवली. काय अक्कल पाजळली मी!

"ट्रेलर हलवू नका!" मी ओरडलेच.

कंपनीचे मॅनेजर कदम धावत आले. "मॅडम, सही तुमचीच आहे ना?"

"आहे. मागे घेतेय."

"अहो, माझी प्रॉडक्शन लाइन बंद पडलीये!"

"लाइन उद्या चालू होईल, कदम. ड्रायव्हर गेला तर?"

ड्रिल मशीन मागवून रस्त्याला गोल भोक पाडलं. हातभर लांबीचा दांडका निघाला, नुसत्या डांबराचा. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून मॉडेलमध्ये खरं वजन भरलं. मधले सगळे बीम लाल. पुलाची निम्मी ताकद डांबर पेलण्यातच चालली होती.

ड्रायव्हर मागून स्क्रीन बघत होता. "लाल म्हणजे काय हो मॅडम?"

मी पुलाच्या मधल्या भागाकडे बोट केलं आणि ते खाली नेलं. त्याला काय ते कळलं. तो जाऊन तात्यांशेजारी बसला. त्याचेही पाय आरामात टेकले.

ट्रेलर लांबच्या रस्त्याने गेला, पूल जड गाड्यांना बंद झाला. मी निघताना तात्या म्हणाले, "आदी इचारलं आसतं, तर तवाच सांगितलं आसतं की."

स्कॅन आणि ड्रॉइंग जुळलं नाही, की हल्ली मी काहीही दुरुस्त करत नाही. टेप घेऊन पुलावर जाते आणि कठड्यावर बसून बघते.