संगणकाच्या पोटातला गणपती

ही फजिती मी लपवणार होतो. पण मी घरी पोहोचण्याआधी ती कराडभर पोहोचली होती. तेव्हा सांगतोच. फक्त चहाचा पेला खाली ठेवा. ऐकणाऱ्यांचा सांडतो, असा अनुभव आहे.

मी जन्मभर कराडात संस्कृत शिकवले. संध्या चुकवली नाही, शिस्त सोडली नाही. निवृत्तीनंतर दुपारी भाच्याच्या फोटो स्टुडिओत जाऊन बसत असे. भाचा अनंत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याने दुकानात संगणक आणला, आणि थोड्याच काळात तो मंद झाला म्हणून दुसरा आणला. माणसाला म्हातारे होण्यास साठ वर्षे लागतात; या यंत्राला दोन पावसाळे पुरले!

त्या दिवशी जुन्या संगणकातले काम नव्यात हलवायचे होते. काम कोणाचे? मलकापूरच्या शामरावांच्या सुमनच्या लग्नाचे. शामराव माझे विद्यार्थी. मी लग्नाला आवर्जून गेलो होतो. विधी यथासांग व्हावेत म्हणून मांडवात शेवटपर्यंत उभा होतो.

सुमनचा भाऊ हणमंत मात्र लग्नाला नव्हता. फौजेत असतो, रजाच मिळाली नाही. आता आला होता आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होता. त्याच्या आईची, पारूबाईंची, एकच इच्छा होती: घरच्या सगळ्यांच्या फोटोत आपला लेक दिसावा, आणि तो फोटो त्याच्यासोबत सीमेवर जावा.

अनंताने हणमंताचा वर्दीतला फोटो त्यात बसवला होता. मला ते पटले नव्हते.

"अनंता, घडले तसे दिसावे. न आलेल्याला आलेला दाखवणे हे असत्य."

"मामा, आई आहे हो ती."

काही प्रश्नांना शास्त्रात उत्तर असते, पण तोंडात येत नाही.

आता त्याची रीत ऐका, कारण अनर्थाचे मूळ तिथे आहे. मूळ फोटोला अनंत हात लावत नसे. दुरुस्त्या तो वेगळ्या साठवी. पहिल्या फोटोची पहिल्या क्रमांकाखाली, दुसऱ्याची दुसऱ्या. फोटो नव्या संगणकाच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे क्रमवार यादीत, आलेले होते. दुरुस्त्या फ्लॉपीतून आणल्या, की प्रत्येक दुरुस्ती आपल्या क्रमांकाच्या फोटोला जाऊन चिकटणार होती.

"एवढं गिऱ्हाईक बघून येतो," असे म्हणून तो आतल्या खोलीत पासपोर्टचा फोटो काढायला गेला. "मामा, कशाला हात लावू नका."

मी लावणारही नव्हतो. पण पडद्यावर पाहिले, तर नव्या कॅटलॉगची सुरुवात कशाने? मांडवाच्या दारात उभ्या शामरावांच्या पोटाने! नवे यंत्र, नवे काम, मंगलकार्याचे फोटो, आणि आरंभी श्रीगणेश नाहीत? तुम्हीच सांगा, हे पाहून कोणता सुसंस्कृत मनुष्य स्वस्थ बसेल?

फोटो आत घेणे आणि त्याला क्रमांक देणे एवढे मला अनंतानेच शिकवले होते. लग्नपत्रिकांसाठी त्याने ठेवलेला सिद्धिविनायक मी आत घेतला आणि त्यास पहिला क्रमांक दिला. तत्क्षणी बाकीचे सगळे फोटो आपोआप एकेक पाऊल मागे सरकले. मला त्यात शिस्त दिसली. मी हात जोडले.

अनंत आला. फ्लॉपी घातली, कळ दाबली. तेवढ्यात शामराव, पारूबाई आणि हणमंत दारात. चहा सांगण्याच्या गडबडीत त्याने पडदा पाहिलाच नाही.

"दावा की लेकाला," पारूबाई पदर सावरत म्हणाल्या. "गाडीची येळ हुतीया."

पहिले गणपती आले. मी अभिमानाने पाहिले, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. शामरावांचे सुटलेले पोट आत घेण्याची दुरुस्ती गजाननास लागली होती! लंबोदर, आणि उदर नाही! एखाद्या पैलवानासारखी कंबर!

"द्येव आजारी हाय का वं?" पारूबाईंनी हळूच विचारले.

दुसरे शामराव. सुमनसाठी केलेले लाल ओठ आणि गुलाबी गाल घेऊन, मिशीखालून लाजत उभे.

"आरं तिच्या! माजं व्हट कुनी रंगिवलं?"

"आबा, तमाशात शोबशीला," हणमंत म्हणाला.

"गप रं गड्या! सासरची मान्सं बगनार हायती ह्ये!"

तिसरी सुमन. आणि तिला नवरदेवाची दाट केलेली मिशी! "आगं बया!" म्हणून पारूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. चौथ्यात सप्तपदी. नवरानवरीच्या बरोबर मध्ये, वर्दीत, छाती काढून, हणमंत.

"आबा, मला तर दाजींच्या फुडंच पोस्टिंग दिलंय! ह्ये लगीन हाय का बॉर्डर?"

पण पाचव्या फोटोला त्याचेही हसणे थांबले. तो घरच्यांचा. त्यात हणमंत नव्हताच. शिवाय विहीणबाई नाहीशा झालेल्या. त्यांचा हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा सुमनच्या खांद्यावर उरला होता.

पारूबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. "माजा हनमंत कुटं हाय ह्यात?" एवढेच म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि मला धरणी दुभंगावी असे वाटले.

अनंताने पडद्यावरची यादी खालीवर केली. मग माझ्याकडे पाहिले. "मामा, गणपती कुणी घातला?"

"मी," मी म्हणालो. "आरंभी असावा म्हणून."

"प्रत्येक दुरुस्ती शेजारच्याला लागली हो! देवाला संगणकाच्या डोक्यावर ठेवा, पोटात नको!"

तो भराभर काम करू लागला. लाज झाकावी म्हणून मी कठोर झालो. शिक्षकांचा हा जुना उपाय आहे. "पण अनंता, विहीणबाईंना पुसणारी दुरुस्ती मुळात केलीसच का?"

"ती त्यांच्यासाठी नव्हती, मामा. पुढच्या फोटोत एकजण कॅमेऱ्याच्या आड आलेला होता. त्याला काढायचं होतं."

"कोण तो असंस्कृत मनुष्य?" माझा आवाज चढला. "लोकांच्या मंगलकार्यात मध्ये उभे राहायचे! घरी कोणी काही शिकवले नसेल काय?"

शामरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"असतात एकेक," अनंत पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

गणपती बाहेर आले, क्रमांक जागेवर गेले, दुरुस्त्या पुन्हा लागल्या. घरच्यांचा फोटो उघडला. विहीणबाई सबंध परतल्या होत्या, आणि पारूबाईंच्या उजव्या हाताला, वर्दीत, हणमंत उभा होता. जणू लग्नात अक्षता वाटून आत्ताच येऊन उभा राहिला. पारूबाईंनी पडद्यावर बोट टेकवले, ते फिरवत त्याच्या गालापर्यंत नेले. "हाय की! माजा बाळ हाय की लग्नात!"

हणमंताने तोंड फिरवले. माझा सत्याविषयीचा सिद्धांत मी त्याच क्षणी मनातून पुसला.

अनंत छापायला लागला. आता माझे मन हलके झाले होते. सहज पुढचा फोटो पाहिला. अक्षता पडण्याचा क्षण. सुमन, नवरदेव, अंतरपाट, सगळे स्वच्छ दिसत होते. पण एक उणीव माझ्या लक्षात आली.

"अनंता, अजून एक चूक राहिली आहे. या अंतरपाटाच्या पुढे मी हात वर करून उभा होतो. लोकांना शांत राहायला सांगत होतो. मला नीट आठवते."

हणमंत छताकडे पाहू लागला. शेवटी शामराव उठले, माझ्या पाया पडले आणि खालमानेने म्हणाले,

"आवं गुर्जी... त्येवढं मातुर बराबर हाय."