मुनियप्पाचा सत्कार

बेळगाव स्टेशनवर वडिलांनी माझी ट्रंक डब्यात चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. निरोपाच्या वेळी ते फार बोलत नसत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "परक्या गावात घरमालकाची ओळख मागाहून होते. दारावरच्या माणसाची आधी करून घे." आईचं वेगळंच होतं. "कानडी येते तुला, उपाशी राहणार नाहीस," हे ती आदल्या दिवसापासून घोकत होती. गाडी सुटली तेव्हा दोघांनीही हात हलवला नाही. आमच्याकडे ती पद्धत नव्हती.

याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. बेळगावात मी एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. बंगळूरला एका सरकारी कारखान्याचं मासिक काढायची नोकरी मिळाली. कारखान्याने कामगारवस्तीपासून अंतर राखून तीन मजली क्वार्टर्स बांधली होती. आमच्या आवारात बहुतेक बिऱ्हाडं पुण्या-साताऱ्याकडच्या इंजिनियरांची. तेव्हा फाटकापलीकडे नाचणीची शेतं होती. आता तिथेही क्वार्टर्स आहेत, आणि इथून जाणारी बस संध्याकाळी खचाखच भरलेली असते.

फाटकावर मुनियप्पा होता. होसकोट्याच्या पुढच्या कुठल्याशा खेड्यातला. गावचं तळं आटलं, शेती सुटली, म्हणून बायकोला घेऊन शहरात आलेला. त्याच्या कानडीत तेलुगू होतं, माझ्या कानडीत मराठी. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून तो म्हणाला, "स्वामी, तुम्ही कानडी बोलता की भांडता?" ओळख झाली ती अशी.

फाटकालगतच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको चौडम्मा राहत. पहाटपाळीची बस वळणावर दिसली की तो शिट्टी फुंकायचा. त्या शिट्टीवर निम्मं आवार पायात चपला सरकवत धावायचं. मे महिन्यात सगळे मुलखाला निघाले की किल्ल्या त्याच्याकडे. चौडम्मा मजल्यामजल्यावर जाऊन प्रत्येक तुळशीला पाणी घालायची. आम्हाला गावी जाता येत होतं, कारण ती दोघं जात नव्हती. आमच्या पत्रांतून तुम्ही मुलखातल्या मंडळींनी तिकडे बंगळूरच्या हवेचं कौतुक वाचलंत. हे कुणी लिहिलं नाही, मीही नाही.

आवार त्याचे आभार मानायचं, पण त्याची एक रीत ठरलेली होती. दिवाळी संपून आठवडा झाला की घराघरांतून ताटं खाली यायची. मऊ पडलेला चिवडा, खवट वास येऊ लागलेल्या करंज्या. "घे रे मुनियप्पा, आठवणीने ठेवलंय हं," असं म्हणायचं आणि वरून तो खाताना बघायचं. तो एक घास खायचा. बाकीचं काय होतं ते फाटकापलीकडच्या गाईंना माहीत होतं. माझी बायको शालिनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच ताट द्यायची, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "सवय लावू नका हो त्यांना."

मग आवारात स्कूटर आल्या. पहिली बापटांची. बापट म्हणजे आमच्या रहिवासी मंडळाचे चिटणीस, स्वभावाने नीटनेटके, भाषण चांगलं करणारे. पावसात स्कूटरची सीट भिजायची, याचा त्यांना मनापासून त्रास होई. फाटकालगतची खोली कारखान्याची असली तरी ताबा मंडळाकडे होता.

गणेशोत्सवात मुनियप्पाचा जाहीर सत्कार होणार, असं फळ्यावर लागलं. मला आनंद झाला. बापट घरी आले. "अहो, तुमची कानडी उपयोगी पडेल. मी बोलेन, तुम्ही त्याला सांगा."

त्या संध्याकाळी मंडपात मुनियप्पाला खुर्ची दिली होती. तो तिच्या अगदी कडेला टेकला होता. चौडम्मा बाहेर, चपलांच्या राशीजवळ उभी. तिला आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. शालिनी उठून तिला घेऊन आली. शाल झाली. काचेच्या तसबिरीतलं मानपत्र झालं. "विश्वस्त द्वारपाल," बापट म्हणाले, "जय आणि विजय, दोन्ही हा एकटाच." टाळ्या. मी सांगत गेलो, मुनियप्पा हात जोडत गेला.

त्याच सुरात बापट पुढे म्हणाले, की अशा वृद्ध सेवकाला आता विश्रांती देणं हे आपलं कर्तव्य आहे. पहिल्या तारखेपासून कंत्राटदाराची तरुण माणसं येतील, ती राहायला येणार नाहीत, आणि रिकाम्या होणाऱ्या खोलीमुळे वाहनांचाही प्रश्न सुटेल. पुन्हा टाळ्या. मुनियप्पाही हसला. टाळ्या आपल्यासाठी आहेत, एवढंच त्याला कळत होतं.

बापट माझ्याकडे झुकले. "ते खोलीचं आत्ता नको. चांगलं तेवढं सांगा, बाकीचं उद्या."

मी सगळं सांगितलं. शब्द गाळला नाही, घातला नाही.

मुनियप्पाने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी सांगितलं. मग मांडीवरच्या तसबिरीकडे बघत त्याने विचारलं, "स्वामी, हे कुठल्या भिंतीला लावू?"

मी त्याचा प्रश्न मराठीत मंडपाला ऐकवला. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. बापट म्हणाले, "मिश्कील आहे बुवा आपला मुनियप्पा." आणि पेढे वाटायला सांगितले. लोकांनी पेढे खाल्ले. बोटं चाटली. त्या मंडपात रागावलेलं कुणी नव्हतं, लाजलेलं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या तोंडावर एक चांगलं काम पार पडल्याचं समाधान होतं. मला आजही तुपाच्या त्या वासाने किळस येते.

घरी येताना शालिनी म्हणाली, "छप्पर काढून घेतलं आणि वर शाल पांघरली."

मी कारखान्याकडे अर्ज केला. खोलीचा निर्णय मंडळाचा आहे, असं उत्तर आलं. मुनियप्पाला सांगायला गेलो तेव्हा चौडम्मा भांडी पोत्यात भरत होती. गावात भावाच्या पडवीत जागा आहे, असं ती म्हणाली. "भाऊ काही म्हणणार नाही," आणि पोत्याचं तोंड आवळत, "वहिनी म्हणेल." मुनियप्पा माझीच समजूत घालू लागला. "सरी स्वामी, ठीक आहे, जाऊ द्या." होसकोट्याच्या बसपर्यंत शालिनी आणि मी पोत्याला हात देत गेलो. आवारातलं तिसरं कुणी आलं नाही. त्यानंतर त्यांची काही खबर नाही.

नंतर माझ्या लक्षात आलं ते हे. मंडपात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही इथे स्वतःचं घर नव्हतं. बापटांचंही नाही, आमचंही नाही. नोकरी आहे तोवर भिंती आहेत. नोकरी संपली की आमच्याही हातात कुणीतरी तसबीर ठेवील, गोड बोलेल आणि पोती भरायला मुदत देईल. हे ठाऊक असलेल्या माणसांनी ते केलं.

तुमच्यापैकी कुणाची मुलं इकडे यायचं म्हणत असतील तर जरूर पाठवा. नोकऱ्या आहेत, हवा खरंच चांगली आहे, आणि पहिले काही दिवस आमच्याकडे उतरायला हरकत नाही. फक्त, शालिनी पूर्वी बाजारातून परतताना "चला, घरी जाऊ" म्हणायची. त्या गणपतीपासून ती "क्वार्टरवर जाऊ" म्हणते. मी तिला दुरुस्त करत नाही.