दाजींचा टर्बो आणि म्हसोबाचा चढ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. शिलाईच्या मशीनवर टीप सरळ जाते, कागदावर ओळ मात्र उतरणीला लागते. कोणी वाचलंच तर तेवढं पोटात घालावं. लिहायचं कारण आमचे दाजी. आपल्या गाडीला इतका जीव लावणारा आणि तरी तिच्यावर सदा नाराज असणारा दुसरा माणूस अख्ख्या औराद तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे मालक. आमची दोन्ही घरं एकाच गल्लीत. गाडी जुनी, डिझेलची, टर्बोवाली. दोघातिघांनी वापरून सोडलेली दाजींच्या पदरात पडली. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, एवढं मलाही कळतं, कारण दाजी तो विषय जेवताना काढायचे. हवा जास्त कोंबली आणि त्या मानानं डिझेल सोडलं की गाडीत घोडे वाढतात. दाजींना घोडे वाढवायचे होते. अक्कानं एकदा विचारलं, "शेत हाय गावाच्या पलीकडं. एवढे घोडे घेऊन जायचं कुठं?" दाजी शांतपणे म्हणाले, "जायचं कुठंच न्हाई. पण जाता यायला पायजे."

त्यांनी पंपाचा स्क्रू पिळला, तेव्हा गाडीनं असा काळा धूर सोडला की समोरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडया तिळाच्या दिसायला लागल्या. सायलेन्सर रुंद केला, तेव्हा गल्लीतल्या म्हशीनं दूध चोरलं. मग कोणीतरी सांगितलं की टर्बोची हवा जितकी गार, तितका इंजिनाला दम जास्त. ती हवा गार करायला गाडीच्या तोंडाशी एक जाळी असते. दाजींनी ऐन उन्हाळ्यात घरातला कूलर उघडला, त्यातलं गवत आणि पाण्याची मोटर काढली आणि त्या जाळीपुढं बसवली. अक्का पदरानं वारा घेत म्हणाली, "हितं माणसं उकडून मरायलीत, आन गाडीला कूलर!"

"माणसाला टर्बो न्हाई," दाजी म्हणाले.

पुढं त्यांना मोठी जाळी हवी झाली. ती हैदराबादच्या भंगारात मिळाली, माझ्या शिलाईच्या पैशांवर. पैसे अक्कानं मागितले. दाजी आणि मी थेट बोलत नसू. मी मुळात लाजाळू, आणि दाजींना इंजिनाशिवाय दुसरा विषय नव्हता.

गाडी थांबली तरी टर्बो गरगरत असतो, म्हणून इंजिन लगेच बंद करायचं नाही, त्याला जरा दम खाऊ द्यायचा, हा दाजींचा धर्म. एका लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात याच गाडीतून आला. बाहेर अक्षता वाटून झाल्या, भटजी घड्याळ बघायला लागले, आणि नवरदेव आत बसलेला. "टर्बोला दम खाऊ द्या," दाजी म्हणाले. पुढं पुढं हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. जेवण झाल्यावर ते ताटावरून उठत नसत. चढ चढून पायी घरी आले की उंबऱ्याबाहेर थोडं उभे राहत आणि मगच आत येत.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. त्या वर्षी भज्जी, उंडे आणि आंबिलीचं मडकं दाजींच्या गाडीतून निघालं. मडकं अक्काच्या मांडीवर. गाडी आधी रेंगाळली आणि मग एकदम अशी झेपावली की मडक्याचं फडकं सुटून सगळी आंबील अक्काच्या अंगावर. शेतात मांडलेल्या लक्ष्मीसमोर अक्का नव्या साडीत ताकाचा वास घेऊन उभी राहिली. दाजी तिला समजावत होते, "टर्बो दम उशिरा धरतो. पण धरला की सोडत न्हाई."

"मीबी तशीच हाय. घरी चला," अक्का म्हणाली.

आता घोडे वाढले हे मोजायचं कसं? शहरात त्याची मशीन असते म्हणे. दाजींची मशीन म्हणजे त्यांची आई, जिला मी मावशी म्हणते. शेताच्या वाटेवर म्हसोबाचा चढ लागतो. मावशींना पुढच्या सीटवर बसवून तो चढ तिसऱ्या गिअरमधे पार करायचा, अशी परीक्षा होती. "तुरीचं पोतं ओलं-सुकं होतंय, माणसं वजन खोटं सांगत्यात," दाजी म्हणायचे. "आई आहे तशीच हाय." मावशी अंगानं भरलेल्या. दर बाजारच्या दिवशी त्या गाडीत बसायच्या आणि दर वेळी अर्ध्या चढावर गाडी धापा टाकायची, दाजींना दुसरा गिअर घ्यावा लागायचा. मावशी म्हणायच्या, "मी उतरून चालू का रं?" दाजी म्हणायचे, "मग मोजायचं कुणाला?"

आणि एका बाजारच्या दिवशी गाडी तिसऱ्यात चढली. वर जाऊनही तिच्यात दम शिल्लक होता. दाजी शिट्टी वाजवत गल्लीत आले, हातात पेढ्यांचा पुडा. मावशींना ओट्यावर बसवून पहिला पेढा त्यांनीच भरवला. माणसं जमली.

मी मावशींचा झंपर घेऊन दारात उभी होते. तो मी त्या मोसमात तिसऱ्यांदा आत घेतला होता. दर वेळी मावशी कुजबुजायच्या, "सुनंला सांगू नको बाई. दवाखाना दवाखाना करत्यात." त्या वेळीही पेढा गिळून त्यांनी तांब्या तोंडाला लावला, रिकामा केला आणि पुन्हा पाणी मागितलं. दाजींनी दुसरा पेढा उचलला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, गाडीत पॉवर वाढली न्हाई. मावशी उतरल्यात."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी झंपर पुढं केला. आत घेतलेल्या टिपांच्या ओळी एकीशेजारी एक दिसत होत्या. दाजींनी त्या बघितल्या, मग आईच्या दंडाकडं बघितलं. पेढा परत पुड्यात ठेवला.

"कामून सांगितलं न्हाईस, आई?"

"तू खुश होतास की रं," मावशी म्हणाल्या.

तशीच गाडी बिदरला नेली. मी आणि अक्का मागं बसलो होतो. मावशी पोचेपर्यंत गुंगीत गेल्या होत्या. दवाखान्याच्या दारात दाजींनी खटकन किल्ली फिरवली, इंजिन जागेवर बंद केलं आणि आईला उचलून पळाले. इतक्या वर्षांत टर्बोला दम न देता गाडी बंद केलेली मी तेवढी एकदाच बघितली. डॉक्टर म्हणाले, साखर फार वाढली आहे, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

मावशी वाचल्या, टर्बो गेला. परत येताना टर्बोच्या शिट्टीच्या जागी खरखर ऐकू यायला लागली. गावातल्या मेस्त्रीनं तो काढून नुसता पाइप जोडून दिला. नव्या टर्बोसाठी दाजींनी बाजूला ठेवलेले पैसे दवाखान्यात गेले. उरलेले, आणि पुढं तुरीचे आले तेही, जाळीच्या उधारीपोटी अक्काच्या हातून थोडे थोडे माझ्याकडं यायला लागले. टर्बोचं नाव दाजींनी काढलं नाही. जेवणं मुकाट्यानं व्हायला लागली. मलाच चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं.

परवा बाजारच्या दिवशी मावशी गाडीतून उतरून स्वतः माझ्याकडं आल्या. सुई-औषधानं अंग धरलं आहे, झंपर दंडात रुततो. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात; ती मी कापली नव्हती. जुन्या टिपा उसवत बसले.

"चढ कसा आला, मावशी?"

"दुसऱ्यात. रडत रडत. तरी हा लेक हसायलाय," त्या म्हणाल्या.

मी खिडकीतून बघितलं. टर्बो नाही, काही नाही, तरी दाजी इंजिन चालू ठेवून गाडीत बसून होते.

मावशींनी कमरेची चंची सोडली आणि राहिलेले पैसे माझ्या मशीनवर ठेवले. सगळे फिटले.