पोतं बोललं पाहिजे

आमच्या गमतीच्या मंडळीतले दोघं पानठेल्यावर भेटले का किस्से सुरू. एकानं सांगतला का दुसऱ्याचा निंघते. चाय थंडी होते, पन किस्से सरत नाही. मी मधातच चिडतो, कारन अर्ध्या किश्श्याईत शिव्या मलेच रायते.

तवा गावात टीव्ही नोहता. दिवाळी झाली का गावोगावी जत्रेवानी मंडई भरे, अन् मंडईत खडी गंमत, म्हंजे आमच्याकडचा नाचगान्याचा तमाशा. आमी आंबागडाकडचे, ढोलकी वाजवनारे. उस्ताद आमचे सोमाबुवा. बुढ्याच्या हाताले कंप सुटला होता. आता त्याईची बिज्याच्या लाकडाची ढोलकी कोनाले भेटते, मले का माह्यासंग शिकनाऱ्या नामदेवले, एवढीच गोष्ट होती. बाकी सारी प्रॅक्टिस तिच्यासाठीच.

•

बुवानं मले ढोलकीले हातच लावू देल्ला नाही. अंगनात धानाचं पोतं आडवं टाकलं.

"वाजव."

"याच्यातून कायचा आवाज येते जी?"

"पोतं बोलन त्या दिवशी ढोलकी तुही!"

उन्हाळाभर वाजवलं. मनगटं सुजले. पोतं काही बोललं नाही. एका दिवशी माही सटकली, अशी थाप हानली का शिवनच उसवली! सारं धान अंगनात.

बुवाची बायको सूप घेऊन भायेर आली. "मळनी झाली असन, त आता उफनून बी दे!"

•

मंग घरी म्या म्हशीच्या पाठीवर केरव्याचा ठेका धरला. पाठ नरम बी, भक्कम बी. तिनं काही आडकाठी केली नाही.

एकदा पावन्याकडं गेलो. वापस येऊन पायतो त माय धारेले बसाचं सोडून म्हशीच्या पाठीवर दोन्ही हातानं धबाधब वाजवून राहिली! ठेक्याबिगर म्हैस पान्हाच सोडे ना.

"काय पाहून राहिला बे?" माय म्हने. "हिले आस्ते चालत नाही, स्पीड पाहिजे!"

•

नामदेव हुशाऱ्या करे. त्यानं मनगटाले रेतीच्या थैल्या बांधल्या. जेवाले बी तशाच, नांगर धराले बी तशाच. "वजन काढलं का हात उडते," म्हने.

कारधा गावच्या गमतीत थैल्या काढल्या. हात खरंच उडाले! शाहीर अजून पयल्याच कडव्यात, अन् यानं शेवटचा तोडा मारून ढोलकी खाली ठेवली.

शाहीरानं माईकवरच इचारलं, "काहून रे नामदेव, गाडी पकडाची हाय का?"

•

गाडीवरून आठवलं. एसटीत बी नामदेव माह्या बाजूले बसून खिडकीखालच्या टिनावर बोटं मारे. आमच्याकडं कोनाले उतराचं असन त टिनावरच थाप मारे, डायवर गाडी थांबवे. आता यानं ठेका धरला का डायवरनं ब्रेक धरला! आंधळगाव कोसभर राहिलं होतं, तवा डायवर उठून मागं आला अन् दोघाईलेही खाली उतरवलं.

"म्या काहीच नाही केलं जी!" मी भांडलो.

"मंग तू याले वा-वा काहून म्हनून राहिला होता बे?"

•

त्याच आंधळगावची मंडई. तेथच्या मंडळीसंग आमचा सामना. त्याईचा ढोलकीवाला परसराम. वाजवता वाजवता पान खाये, असा गडी. सामन्याची रीत एकच, दोघानं संगच वाजवाचं, ज्याचा हात पयले थांबला तो हारला. बुवानं सकाळीच सांगून टाकलं, "जो जितन, त्याची ढोलकी."

पयले नामदेव बसला. हात उडाले, मंग आखडले, मंग थांबले.

मंग बुवाची बिज्याची ढोलकी पुढं घेऊन मी बसलो. परसरामनं पान चघळत मले डोळा मारला. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशी थाप हानली का ढोलकीच्या तोंडावरची चामड्याची पुडी टर्रकन फाटली!

सारे हासले. बाजूले मुरमुरेवाल्याचा ठेला होता. धान घेऊन मुरमुरे दे तो. बुवानं माह्यापुढची ढोलकी वढली अन् त्याचं धानाचं पोतं ढकललं.

"हात थांबवू नोको."

म्या तोच ठेका पोत्यावर धरला. आमचा नाच्या माह्या हाताकडं पाहूनच नाचून राहिला. आवाज काही येत नोहता, म्हून समोरचे लोकं चूप झाले. मंग मागचे झाले. मंग आकाशपाळनेवाल्यानं पाळना थांबवला. एकट्या परसरामची ढोलकी तेवढी वाजून राहिली होती. मंग ते बी हळू झाली. त्यानं मान वाकडी करून कान पोत्याकडं केला.

अन् त्याचा हात थांबला.

त्याचा शाहीर वरडला, "अबे, काहून थांबला?"

"चूप ना जी," परसराम म्हने, "आयकू दे."

मी वाजवतच होतो. बुवानं फाटकी ढोलकी उचलली अन् माह्या मांडीवर आनून ठेवली.