नाय कळला, मॅडम

माझ्या तोंडाचा पट्टा रोह्यातल्या आमच्या गल्लीत आणि पेणच्या कॉलेजात सारखाच गाजलेला. अर्थशास्त्र शिकवते, पण माइक म्हणून कधी लागला नाही. गेल्या दिवाळीनंतर मात्र घसा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आल्यात, महिनाभर एक शब्द काढायचा नाही. नाही ऐकलंत तर ऑपरेशन, आणि मग वर्गात शिकवण्याइतका आवाज उरेल याची खात्री देता येत नाही. शिकवण्याशिवाय मला येतं काय? घरी येऊन ढसाढसा रडले, तेही आवाज न करता.

प्राचार्य रजा द्यायला तयार होते, पण परीक्षा तोंडावर आलेली आणि माझा विषय घ्यायला दुसरं कोणी नाही. तेव्हा स्टाफरूममध्ये शेजारी बसणारे गणिताचे तरुण सर धावून आले. ते हल्ली एआयकडून उदाहरणं, प्रश्न काढून घ्यायचे आणि मी "डोकं काय भंगारात घातलंत का, सर?" म्हणून त्यांना छळायचे. मोठ्या मनाचा माणूस! टोमणे विसरून त्यांनी मला सगळं दाखवलं. मी मुद्दे टाइप करायचे, एआय त्याचं सोपं व्याख्यान लिहायचं आणि लॅपटॉप ते वर्गात वाचायचा.

खोटं कशाला बोलू, व्याख्यान चांगलं होतं, माझ्यापेक्षा नीटनेटकं. आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा. पण वर्ग गप्प. आमच्याकडे एक रीतच पडलेली: मी "कळलं का?" म्हणून ओरडणार, मागच्या बाकांवरून "नाय कळला, मॅडम" येणार, मी कपाळावर हात मारून पुन्हा पहिल्यापासून सांगणार. लॅपटॉपनेही शेवटी "समजलं का?" विचारलं. सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली, तर मागणीची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, ते एकालाही धड लिहिता येईना. मी संतापून फळ्यावर लिहिलं, "मग काल बोलला का नाहीत?"

धरमतरकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली एक मुलगी उभी राहिली. "त्याला काय सांगायचा, मॅडम? तो चिडत पन नाय."

मला हसू आवरेना, आणि मला तर हसायचीही बंदी! मग तीच पुढे आली. "त्यानं लिवलेला द्या, मी सांगते." एआयचं पान तिने वाचलं, टेबलावर ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून हुबेहूब माझ्यासारखी डाफरली, "मिठाचा भाव वाढला म्हनून तुमच्या घरात कोन अळणी कालवन जेवतं काय रे? नाय ना? मग मागनी कमी व्हईल कशी? कळलं का?"

"नाय कळला, मॅडम!" अख्खा वर्ग ओरडला. तिने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तो महिना असाच गेला. एआय लिहायचं, मी चुका काढायचे, मुलं पाळीपाळीने सांगायची. एरवी तोंड न उघडणारीसुद्धा बोलू लागली. त्या यंत्राचे उपकार मी मानते. ते नसतं तर बोलू नये तिथे बोलून मी घसा कायमचा घालवला असता. गणिताच्या सरांना आता छळत नाही. म्हणजे, फारसं नाही.

डॉक्टरांनी हळू बोलायला परवानगी दिली, त्या दिवशी लॅपटॉप न घेता वर्गात गेले. आवाज फाटका आणि बारीक, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल की नाही देव जाणे. मागणी म्हणजे काय, हा पहिलाच धडा घेतला. सगळ्यांना तो पाठ होता. संपल्यावर घाबरतच विचारलं, "कळलं का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

मग शेवटच्या बाकावरून आलं, "नाय कळला, मॅडम!" आणि पाठोपाठ सगळीकडून तेच. महिनाभर हाच विषय एकमेकांना शिकवणारी पोरं ती, बदमाश कुठली! मी कपाळावर हात मारला, डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.