गंगुबाईचा फणस आणि देवीचा कौल

वेळणेश्वरच्या वाडीत गंगुबाईचं नाव निघालं की बायका तोंडाला पदर लावून कुजबुजत, "हिनं चिपळूणच्या कोर्टातून देवीवर मनाई आणलीन."

मूळ भानगड फणसाची. झाड दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर, निम्मं इकडे, निम्मं तिकडे. गंगुबाईचा नवरा मुंबईला गिरणीत. पावसाळ्यात तिची चूल त्या फणसाच्या आठळ्यांवर चाले. १९३१ साली शेजारच्या रावजीला नव्या घरासाठी खांब हवे झाले आणि त्याला एकाएकी आठवलं, की झाड आपल्या आज्यानेच लावलेलं.

गंगुबाईने चिपळूण गाठलं. आप्पा वकिलांनी दावा लावला, पण बजावलं, की निकालाला वर्षं जातील. तोवर तुझा फणस रावजीच्या ओटीवर खांब होऊन उभा असेल. म्हणून आधी तात्पुरती मनाई मागायची. मुनसफ तेव्हा झाड कोणाचं हे ठरवत नाहीत. तुझ्या म्हणण्यात सकृद्दर्शनी दम आहे का, जास्त नुकसान कोणाचं आणि ते मागाहून भरून निघेल का, एवढंच बघतात.

रावजीचा वकील म्हणाला, बाई जिंकल्याच तर झाडाची किंमत देऊ. गंगुबाई मागूनच बोलली, "सायबानू, पैसं पेरलं तर फनस कवा धरंल?"

मुनसफांनी हसू कागदाआड लपवलं आणि निकालापर्यंत झाड तोडायला मनाई दिली.

रावजी असा हार खाणारा नव्हे. तो वरच्या कोर्टात गेला, म्हणजे ग्रामदेवीच्या देवळात. गुरवाने मूर्तीला कळ्या लावून कौल मागितला. उजवीकडची कळी आधी पडली, म्हणजे होकार; देवी म्हणते, तोड. दुसऱ्या दिवशी रावजी कुऱ्हाड, गुरव आणि अर्धी वाडी घेऊन गडग्याशी हजर.

"वयनी, देवीनं उजवा कौल दिलान."

"देवीचा शबूद खरा, भावजी. पन तिला म्हनावं, कोर्टाचं होयस्तवर जरा दम धर. आनि हुकूम मोडलात म्हनून तुमाला तुरुंगात नेतील, तवा संगं कोन येनार? ती, का ह्यो गुरव?"

रावजीने गुरवाकडे पाहिलं. गुरवाला नेमकी तेव्हाच आपली म्हैस आठवली. कुऱ्हाड आली तशी परत गेली.

रावजीने खांब दुसरीकडून आणले, आणि दावा रखडल्यावर कंटाळून फणसावरचा हक्कही सोडला. वाडीत मात्र बोलवा झाली, की बाईने देवीलाच गप्प बसवलीन. गंगुबाईने ते कधी खोडलं नाही; त्या धाकाने तिच्या काजूंना कोणी हात लावीना.

मनाई एकट्या रावजीवर होती. देवी त्या दाव्यात पक्षकार नव्हती.