वसंताचं मासिक

पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातला एक माणूस सायकलवरून शाळेत आला, तेव्हा मी तिसरीच्या वह्या तपासत होते. वसंतराव पोट धरून खाली बसले, पुण्याच्या इस्पितळात नेलंय, एवढंच त्याला ठाऊक. मी पोहोचले तर माझ्या धाकट्या भावाने मला बघून चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. शस्त्रक्रिया झाली, पण फार उशीर झाला होता... दुसऱ्या दिवशी दुपारी वसंता गेला. अठ्ठावीस वर्षांचा. जांघेतला अंतर्गळ, त्यात आतडं अडकलं, असं डॉक्टर म्हणाले. दुखणं वर्षभराचं तरी असावं, घरात कुणाला कसं कळलं नाही, असंही त्यांनी विचारलं. मी काय सांगणार, कपाळ?

आई गेल्यावर मी त्याला साताऱ्याकडून चिंचवडला आणला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि वाऱ्याने उडेल असा होता. मी त्याला काडीपैलवान म्हणायची. लाडाने म्हणायची, पण चारचौघांतही म्हणायची. पुढे नोकरी लागली, आणि पहिल्या पगारातून त्याने काय आणलं, तर पुरुषांच्या शरीरसौष्ठवाचं एक मासिक. वर्षाची वर्गणी भरून. मुखपृष्ठावर तेल चोपडलेला, पोट आत ओढलेला, हसू गिळलेला कुणीतरी. याला कधी पडसं होत नसेल का गं बाई, असं माझ्या मनात यायचं. आत सगळा उपदेश: भिजवलेले बदाम खा, पहाटे बैठका मारा, आणि खरा पुरुष कण्हत नाही. मला पहिल्यापासून त्या मासिकाचा वास येत होता. शेवटच्या पानावर शक्तीच्या औषधाची जाहिरात असायची. तो बाटलीवाला आणि संपादक एकाच पत्त्यावर कसे राहतात, असं मी विचारलं, तर म्हणाला, अक्का, तुझी नजरच संशयी.

अंगाने भरला मात्र खरा. तालमीत नाव झालं. कारखान्यात दोघांनी उचलायचं पिंप हा एकटा उचलायचा आणि लोक वाहवा करायचे. फुकटची वाहवा, दुसरं काय! गेल्या वर्षी त्याचं तालमीत जाणं कमी झालं, पण दोरीवर लंगोट रोज वाळत असायचा. मला वाटलं, हाही मासिकाचाच काही नवा नियम असेल. अंतर्गळ दाबून ठेवायला तो लंगोट दिवसभर कसून बांधत होता, हे आता कळतंय. पाटावरून उठताना तो भिंतीला हात लावायला लागला, तेव्हा मी एकदा विचारलं होतं.

“वसंता, कुठं दुखतंय का तुझं?”

“मला काय धाड भरलीय, अक्का?”

आणि दंड फुगवून दाखवला. मी हसले आणि भाकऱ्या थापायला बसले.

मागच्या आठवड्यात पोस्टमन नवा अंक टाकून गेला. दरवर्षी भरायचा ती वर्गणी अजून शिल्लक आहे. चुलीत घालणार होते, पण वेष्टण फोडलं... प्रश्नोत्तरांच्या पानावर ‘व., चिंचवड’ असं दिसलं. जांघेत गाठ येते, आडवं झालं की जाते, हल्ली दुखते, व्यायाम थांबवावा का, असा प्रश्न. संपादकांचं उत्तर होतं की ही मनाची दुर्बलता आहे, बैठका वाढवा आणि आमचं औषध दोन महिने घ्या. संताप संताप झाला. त्या मेल्याला मी जन्मभर क्षमा करणार नाही. कारखान्यात दवाखाना होता, दारासमोर वैद्य राहत होते, आणि हा पोरगा विचारायला गेला कुणाला!

पण प्रश्नाखाली वसंताचं आणखी एक वाक्य छापलं होतं. ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. ‘उत्तर मासिकातूनच द्यावे, घरी सांगितले तर हसतील.’

घरी त्याला मी एकटीच होते.